साहेबांचा नमुना

चिंचटोली गावात लटारी नावाचा एक भोळा माणूस राहायचा. जिल्ह्यात दारूबंदी होती, त्यामुळे दारूसाठी कुणाला दुकानापर्यंत चालावं लागत नसे, ती घरपोच यायची. ती पकडायला गावात एक चौकी होती आणि चौकीत ठोंबरे साहेब होते. लटारी त्यांच्या हाताखाली रोजंदारीवर होता. त्याला कायम व्हायचं होतं. कायम झाल्याशिवाय मुलगी देणार नाही, असं सावंगीच्या पाहुण्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

पहिल्या धाडीत हरबाजी दारूवाल्याच्या शंभर बाटल्या सापडल्या. साहेबांनी शिकवलं, जप्त मालाचा नमुना काढायचा, लाखेने सील करायचा आणि बाकीचा माल नष्ट करायचा. लटारीने तसंच केलं. साहेब खूश झाले.

पुढच्या आठवड्यात एक दूधवाला हरबाजीच्या बाटल्या नेताना सापडला. त्याची सायकलही जप्त झाली. लटारीने सायकलची घंटी काढली, लाखेने सील केली आणि बाकीची सायकल विहिरीत टाकली.

साहेबांनी कपाळाला हात लावला. ते म्हणाले, "अरे गाढवा, ती लोकाची वस्तू. सही घ्यायची, कोर्टात आणीन असं लिहून घ्यायचं आणि ज्याची त्याला परत करायची."

"हो जी," लटारी म्हणाला.

मग हरबाजीकडे मोहाच्या दारूचं पिंप सापडलं. लटारीने हरबाजीची सही घेतली आणि पिंप त्याच्या घरी पोचवलं. हरबाजीने त्याला चहा पाजला आणि असा सज्जन सरकारी माणूस पाहिला नाही म्हणाला. तारखेला तो कोर्टात रिकामं पिंप घेऊन आला. उन्हाळ्यात माल उडून गेला, असं त्याने हात जोडून सांगितलं आणि सुटला.

आता साहेब दात ओठ खात म्हणाले, "जप्त माल ठेवायच्या मालखान्याच्या खोलीत जे असेल ते कोर्टाच्या हुकमाशिवाय बाहेर सोडायचं नाही. कुणी सांगितलं तरी नाही. मी सांगितलं तरी नाही."

"हो जी," लटारी म्हणाला.

महिनाभराने हरबाजी पुन्हा पकडला गेला. पन्नास बाटल्या मालखान्यात आल्या. ही केस टिकली तर तुला कायम करतो, असं साहेबांनी लटारीला वचन दिलं. लटारीने सावंगीला निरोपही धाडला.

साहेब अधूनमधून मालखान्यात बाटल्या मोजायला जात. आत जाताना ते सरळ जात, बाहेर येताना भिंत धरून येत. मोजणी फार कष्टाची असणार, असं लटारीला वाटे. दर मोजणीला बाटल्या कमी भरत, तेव्हा उंदीर फार झालेत असं साहेब वहीत लिहीत.

तारखेच्या दिवशी सकाळीही साहेब मोजायला गेले. ते आत गेले आणि लटारीला साहेबांचा धडा आठवला. त्याने बाहेरून कुलूप घातलं.

साहेबांनी दार बडवलं. शिव्या दिल्या. शेवटी खिडकीच्या गजांना डोकं लावून म्हणाले, "लटारी, मी सांगतो ना, सोड मला."

"तुम्ही सांगितलं तरी नाही सोडायचं जी," लटारी म्हणाला.

या झटापटीत साहेबांची टोपी गजांतून बाहेर पडली. लटारीने ती उचलली, पिशवीत घातली, लाखेने सील केली आणि तालुक्याच्या कोर्टात गेला.

कोर्टात केस पुकारली गेली. जजसाहेबांनी विचारलं, तपास करणारे ठोंबरे कुठे आहेत? लटारीने पिशवी टेबलावर ठेवली. जजसाहेबांनी सील फोडायला लावलं. टोपी बाहेर आली आणि तिच्याबरोबर वासही आला. हरबाजीने तो लगेच ओळखला. आपलाच माल आहे, असं तो अभिमानाने बोलून गेला आणि त्याच्या वकिलाने डोकं धरलं.

जजसाहेबांनी नाकाला रुमाल लावून विचारलं, "हे काय आहे?"

"साहेबांचा नमुना आहे जी," लटारी म्हणाला. "बाकीचे साहेब मालखान्यात ठेवले आहेत. त्यांना नष्ट करू, की बाईसाहेबांची सही घेऊन घरी परत देऊ, तेवढा हुकूम लवकर द्या. मला कायम करायचा कागद त्यांच्याच सहीचा आहे."