हैबतीची ऊब

कासारखिंडीत हैबती नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगितलेली गोष्ट तो कधी विसरत नसे. गावाला त्रास होता तो त्याचाच.

एक दिवस त्याच्या बायकोने, चंद्राने, गाठोडं बांधलं. पक्कं काम मिळालं की न्यायला या, असं सांगून ती माहेरी गेली. हैबतीला तिच्यावाचून करमेना. मग त्याचा केरबामामा त्याला कामासाठी हिमालयात घेऊन गेला. मामा तिथे गिर्यारोहकांच्या तुकडीचा स्वयंपाकी होता. तुकडीच्या प्रमुख नेत्राताई म्हणाल्या, तीन रात्री बघते. याच्यामुळे कुणी गारठलं नाही, तर हंगामभर ठेवून घेते. मामाने हमी घेतली. मामा तसा धाडसी माणूस.

झोपायचं होतं बर्फात खणलेल्या गुहेत. पहिल्या रात्री हैबतीला ते पांढरंशुभ्र बर्फ गादीसारखं वाटलं. तो तसाच त्यावर आडवा झाला. सकाळी त्याचे दात इतके वाजत होते, की ताईंना वाटलं कुणीतरी डबा ठोकतंय. स्वतः गारठलास ते धरत नाही, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं.

मामा म्हणाला, "आरं, बर्फ असं थेट लावून घ्यायचं नसतं. मधी कायतरी जाड घालायचं."

हैबतीने मान डोलावली.

त्या दिवशी मामाने त्याला बर्फ वितळवून पाणी करायला सांगितलं. हैबतीने पातेलं बर्फाने भरलं. स्टोव्हला गारवा बाधू नये म्हणून मध्ये मामाचं घोंगडं घडी करून घातलं. घोंगडं जळालं. पाणी काही झालं नाही.

मामाने कपाळावर हात मारला आणि पातेलं स्वतः चढवलं. "आणि झाकण कुठाय? ऊब पायजे तर वाफ भाईर जाऊ द्यायची न्हाई. गच्च झाकायचं."

हैबतीने पुन्हा मान डोलावली.

रात्री भांडी घासून तो गुहेकडे आला, तर छताच्या भोकातून वाफ निघत होती. आत झोपलेल्या सगळ्यांची वाफ अशी फुकट चाललेली बघून त्याचा जीव कळवळला. त्याने भोकात बर्फ कोंबलं, वरून फावड्याने थोपटलं आणि आत येऊन समाधानाने झोपला.

पहाटे सगळ्यांची डोकी जड झाली होती. एकाला तर स्वतःचं नाव आठवेना. ताईंनी काठीने भोक मोकळं केलं तेव्हा कुठे माणसं माणसात आली.

मामा खरोखर घाबरला होता. "माणूस जिथं झोपतंय तिथं वर भोक पायजे. मूठ जाईल एवढं. न्हाईतर माणूस जिवानिशी जातंय, कळलं?"

हैबती ढसाढसा रडला. आपल्या हातून केवढं पाप होत होतं. पुन्हा असं होऊ देणार नाही, असं तो दहादा म्हणाला. गारठलं मात्र कुणीच नव्हतं, त्यामुळे ताईंनी शब्द पाळला आणि तिसरी रात्रही दिली.

दुपारी मंडळी सरावाला गेली. हैबती गुहा आवरायला लागला. आवरता आवरता त्याचं लक्ष स्लीपिंग बॅगांकडे गेलं. माणसं झोपायची त्यांत, आणि भोक एकीलाही नव्हतं. त्याने तंबूची लोखंडी खुंटी तापवली. एकेक बॅग घेतली, वरच्या बाजूला भोक पाडलं आणि मूठ घालून माप बघितलं.

रात्री मंडळी बॅगांत शिरली. थोड्या वेळाने ताई उठून बसल्या. मग एकेक करून सगळेच उठून बसले. बॅगांतली पिसं गुहाभर उडत होती आणि सगळ्यांचे दात वाजत होते. हैबती मात्र समाधानाने बघत होता. सगळी जिवंत होती.

"ताई, आता मोकळं वाटतंय का?" त्याने विचारलं.

ताई म्हणाल्या, उजाडताच दोघांनी खाली उतरायचं. भाच्यानेही, आणि हमी घेणाऱ्यानेही.

मामाने आपली बॅग उचलून कंदिलाजवळ नेली आणि उलटसुलट करून बघितली.

"सगळ्यांना एक," तो म्हणाला. "मग मला दोन का रं?"

"तुमी घोरताय न्हवं, मामा."