कोंडवाड्यातला ट्रॅक्टर

सातदऱ्याच्या विश्वासराव शेळमकरांनी बिनचालकाचा ट्रॅक्टर आणला आणि तो स्वतःच्या अकलेने नांगरतो, असं गावभर मिरवलं. एके सकाळी तोच ट्रॅक्टर बांध ओलांडून शेजारच्या कौसाबाईच्या उभ्या कांद्यात शिरला आणि अर्धं वावर उलथून तिथेच बंद पडला.

ग्रामसभेत कौसाबाईने भरपाई मागितली. विश्वासराव मिशीवर हात फिरवत म्हणाले, "मी तेव्हा ओसरीवर चहा पीत होतो. कुठे वळायचं ते यंत्रानेच ठरवलं. ज्याने ठरवलं त्याला जाब विचारा!"

सरपंच चंद्राक्कांनी विचारलं, "म्हणजे सोबत राखणारं कोणी नसताना तो आपल्या मनाने दुसऱ्याच्या पिकात शिरला?"

"अगदी बरोबर!"

"मग त्याची जागा गावात ठरलेली आहे."

कोतवालाने चार बैल जुंपून ट्रॅक्टर कोंडवाड्यात ओढत नेला, एका मोकाट रेड्याशेजारी उभा केला आणि फाटकाला कुलूप घातलं.

तिसऱ्या दिवशी जमिनीला वाफसा आला आणि विश्वासरावांची रब्बीची पेरणी अडली. ते कागदपत्रं घेऊन धावत आले. "आक्का, ट्रॅक्टर सोडा. मी मालक आहे त्याचा!"

"मालकाचीच तर वाट बघत होते," म्हणत चंद्राक्कांनी फाटकावरची पाटी दाखवली. जनावर सोडवणाऱ्याने आधी पिकाचं नुकसान भरून द्यावं, असं तिच्यावर लिहिलं होतं.

"अहो, पण हे काय जनावर आहे? याला बुद्धी आहे!"

"बुद्धी त्या रेड्यालाही आहे, विश्वासराव. कुणाचं वावर हिरवं आहे ते त्याला बरोबर कळतं. पण रेड्याने भरपाई दिलेली मी अजून पाहिली नाही."