बर्फ पाहायला गेलेला बगळा

एका मोठ्या जंगलाच्या मधोमध एक तळे होते आणि तळ्याकाठच्या करंजाच्या झाडावर एक बगळा राहत असे. बगळा दिसायला देखणा होता आणि हे त्याला चांगले ठाऊक होते. सकाळी उन्हात उभे राहून तो एकेक पीस चोचीने विंचरायचा, पाण्यात स्वतःकडे पाहायचा आणि मगच मासे पकडायला उतरायचा. तळ्यावर त्याच्याइतके पांढरेशुभ्र कोणी नाही, असे सगळे पक्षी म्हणत. ते ऐकले की दिवसभर त्याचे पाय जमिनीला लागत नसत.

त्याच झाडाच्या खालच्या फांदीवर एक ढोकरी राहत असे. मुलांनो, ढोकरी म्हणजे बगळ्याचीच लहानशी, मातकट रंगाची बहीण म्हणा ना. काठच्या चिखलात मान आखडून ती बसली, की जवळून जाणाऱ्यालाही दिसायची नाही. बगळा आणि ढोकरी एकाच पावसाळ्यात, एकाच झाडावर अंड्यांतून बाहेर आली होती. बगळ्याची आई एकदा चारा आणायला गेली ती परत आलीच नाही. तेव्हा ढोकरीच्या आईने या पोरक्या पिल्लालाही आपल्या घरट्यात घेतले आणि दोघांच्या चोचींत सारखाच घास घातला. तेव्हापासून दोघांचे एकमेकांवाचून पान हलत नसे. बगळा बोलत राही आणि ढोकरी ऐकत राही.

थंडी सुरू झाली, की तळ्यावर दूर उत्तरेकडून हंस येत. एका वर्षी त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या हंसिणीजवळ बगळा जाऊन उभा राहिला आणि आपले पंख पसरून दाखवू लागला. इतके पांढरे तिने कुठे पाहिले आहे का, असे त्याने तिला विचारले. हंसीण हसली आणि म्हणाली, "बाळा, आमच्याकडे या दिवसांत डोंगरच्या डोंगर पांढरे होतात. त्या बर्फात तू उभा राहिलास, तर शोधूनसुद्धा सापडायचा नाहीस."

बगळ्याला ते लागले. पण लागले त्यापेक्षा जास्त त्याला नवल वाटले. डोंगरच्या डोंगर पांढरे कसे असतील? त्यावर ऊन पडले की काय होत असेल? त्याला झोप गोड लागेना. हंसिणीने त्याला पुढचेही सांगितले होते. बर्फ पडला की तिथले पाणी दगडासारखे होते, किडामुंगी नाहीशी होते, म्हणून तर आपण सगळे इकडे पळून येतो, असे ती पुन्हा पुन्हा म्हणाली होती. पण बगळ्याच्या कानांत फक्त पांढरे डोंगर राहिले. शेवटी त्याने ठरवले, की आपण जायचे. फार दिवस राहायचे नाही, बर्फ डोळे भरून पाहायचा आणि तळ्याचे पाणी आटायच्या आत परत यायचे. असा प्रवास या तळ्यावरच्या कोणीच केला नव्हता.

सोबतीला कोण येते, ते त्याने सगळ्यांना विचारून पाहिले. खंड्याने मान हलवली आणि तो पाण्यात सूर मारून निघून गेला. पाणकावळ्यांनी मासे भरपूर असल्याचे कारण सांगितले. बाकीच्या बगळ्यांनी त्याला वेड्यात काढले. संध्याकाळी तो हिरमुसून झाडावर येऊन बसला, तेव्हा खालच्या फांदीवरून ढोकरी म्हणाली, "एकटा कुठे जातोस? मी येते."

तिला डोंगर पाहायचे नव्हते की बर्फ पाहायचा नव्हता. या तळ्यापलीकडचा ओढासुद्धा तिने कधी ओलांडला नव्हता. पण हे बगळ्याच्या लक्षात आले नाही. त्याला सोबत मिळाली, तो खूश झाला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघे निघाले.

सुरुवातीचा प्रवास मोठा आनंदाचा झाला. खाली नद्या दिसत, हरभऱ्याची शेते दिसत, कुठे पिवळीधमक मोहरी फुललेली दिसे. बगळ्याचे पंख लांब होते. तो चार वेळा पंख हलवी आणि पुष्कळ पुढे जाई. ढोकरीचे पंख आखूड होते. त्याच्याबरोबर राहायला तिला सारखी फडफड करावी लागे. बगळा संध्याकाळी एखाद्या नदीकाठी उतरे, पोटभर मासे खाई, पिसे साफ करी, आणि तो झोपायच्या बेताला आला की मग ढोकरी येऊन पोचे. "खाल्लंस ना?" असे तो पेंगत पेंगत विचारी. उत्तर यायच्या आत त्याचे डोळे मिटलेले असत.

जसजसे डोंगर जवळ आले, तसतसे पाणी बदलले. ढोकरीला संथ, गढूळ पाण्याची सवय होती. तिथे गप्प उभे राहिले की मासा आपणहून पायाशी येई. इथे नदी गोट्यांवरून उड्या मारत धावत होती आणि मासे तिच्यासमोरून बाणासारखे निघून जात होते. ती थांबून थांबून थके आणि काठच्या दगडाखालचा एखादा किडा खाऊन झाडावर चढे. बगळा मात्र लांब पायांनी प्रवाहात उभा राहून हवे तेवढे मासे टिपायचा. एक मासा तिच्यासाठी काठावर टाकावा, असे त्याच्या मनात आले असते तर तो टाकलाही असता. तो दुष्ट नव्हता. पण त्याचे डोळे सारखे वर, डोंगरांकडे लागलेले होते.

डोंगराच्या अर्ध्या उंचीवर त्यांना एक चकोर भेटला. तो गबदुल पक्षी खडकाच्या आडोशाला अंग फुगवून बसला होता. असे पाहुणे त्याने कधी पाहिले नव्हते. त्याने आपुलकीने चौकशी केली आणि कोठे चाललात ते ऐकून तो गंभीर झाला. या दिवसांत वर कोणी जात नाही, आम्हीसुद्धा वरची घरे सोडून इथे उतरलो आहोत, असे त्याने सांगितले. मग ढोकरीच्या पायांकडे पाहून तो बगळ्याला म्हणाला, "पाहुणे, इथूनच मागे फिरा. हिचे पाय निळे पडलेत."

बगळ्याने मागे वळून पाहिले. ढोकरीने एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतला होता. समोरच्या कड्याच्या माथ्यावर उन्हात काहीतरी चमकत होते.

"आता एवढा एकच कडा राहिलाय," बगळा तिला म्हणाला. "एवढ्यापर्यंत येऊन परत जायचं? तुला जमेल ना?"

ढोकरीने त्याच्या तोंडाकडे पाहिले. घरट्यात दोघे शेजारी बसायचे तेव्हा आई दिसताच त्याचे डोळे असेच लकाकायचे. ती म्हणाली, "जमेल. चल."

दोघे कड्याआड जाईपर्यंत चकोर त्यांच्याकडे पाहत राहिला.

आणि मग बर्फ आला. मुलांनो, हंसिणीने सांगितले होते त्यात काही खोटे नव्हते. जिकडे पाहावे तिकडे पांढरे. उतारांवर पांढरे, झाडांच्या फांद्यांवर पांढरे, दूरच्या शिखरांवर तर असे पांढरे की डोळे दिपून जावेत. सावल्या तेवढ्या निळसर होत्या. बगळा त्यात उतरला आणि त्याचे पाय गुडघ्यापर्यंत आत गेले. त्याने चोच खुपसून पाहिली, पंखांनी बर्फ उडवला, पाण्यात नाचावे तसा तो नाचला. आपण या सगळ्यापुढे किती मळकट दिसतो, हे पाहूनही त्याला वाईट वाटले नाही. इतका आनंद त्याला जन्मात झाला नव्हता.

ढोकरी एका दगडावर मान आखडून बसली होती. तळ्याच्या काठी ती तशीच बसायची, म्हणून बगळ्याला वाटले की ती मन लावून बर्फ पाहते आहे. तो तिच्याशी बोलत राहिला. परत गेल्यावर खंड्याला काय सांगायचे, पाणकावळ्यांना काय सांगायचे, ते सारे त्याने तिला सांगितले. तिच्याकडून हुंकारही येत नव्हता, पण ती कधीच फार बोलत नसे.

दुपारी वारा फिरला. ऊन गेले, आभाळ खाली आले आणि बर्फ पडू लागला. आता परतावे, असे म्हणून बगळ्याने पंख पसरले. ढोकरीनेही पसरले, पण ती दगडावरून उडाली नाही, खाली पडली.

तेव्हा कुठे बगळा तिच्याजवळ गेला. तिला ढकलत, ओढत त्याने एका खडकाच्या कपारीत नेले आणि तिच्यावर पंख धरला. पंखाखाली काही आहे असे वाटेचना, इतकी ती हलकी झाली होती. छातीचे हाड त्याला टोचले. ती कधीपासून उपाशी होती, हे त्याने मनाशी मोजायचा प्रयत्न केला, पण त्याला काहीच आठवेना. त्याने पाहिलेलेच नव्हते.

"एवढं होत होतं, तर बोलली का नाहीस?" त्याने विचारले.

"तू खूश होतास ना," ढोकरी म्हणाली.

बाहेर बर्फ पडतच होता. बगळ्याला काय करावे ते कळेना. त्याला बोलता तेवढे येत होते, म्हणून तो बोलू लागला. बर्फ थांबला की आपण निघू, असे त्याने तिला सांगितले. आधी चकोराकडे उतरू. मग गोट्यांची नदी लागेल, तिथे मी तुला मासे धरून देईन. मग मोहरीची शेते. आता मी हळू उडेन, तू पुढे राहा. मग हरभरा, मग आपले जंगल. तळ्यावर ऊन पडले असेल, चिखल मऊ झाला असेल, तू आपल्या जागेवर बसशील. असे बोलत बोलत तो तिला तळ्यापर्यंत घेऊन आला. करंजाच्या झाडावर उतरायचे तेवढे राहिले होते, तेव्हा ढोकरीची मान त्याच्या पायावर कलंडली.

बर्फ थांबला तेव्हा पुन्हा ऊन पडले आणि सगळे डोंगर पहिल्यापेक्षा सुंदर दिसू लागले. बगळ्याने तिकडे पाहिले नाही. त्याने ढोकरीला कपारीत अगदी आत सारले. वाऱ्याने उडून आलेले थोडे वाळके गवत सापडले, ते चोचीने एकेक काडी आणून तिच्यावर घातले. मग तो निघाला. खाली चकोराने त्याला येताना पाहिले, त्याच्या मागच्या रिकाम्या आभाळाकडे पाहिले आणि काही न विचारता खडकाच्या आडोशाला सरकून त्याला जागा करून दिली.

बगळा तळ्यावर परतला, तेव्हा सगळे पक्षी त्याच्याभोवती जमले. बर्फ किती पांढरा असतो, चव कशी असते, पाय बुडतात का, असे त्यांनी विचारून विचारून त्याला भंडावून सोडले. सांगायच्या गोष्टी बगळ्याने तिकडेच जुळवून ठेवल्या होत्या. पण "पुष्कळ पांढरा असतो," एवढेच तो म्हणाला. प्रश्न संपले, पक्षी पांगले, सूर्य कलला. ढोकरी कुठे आहे, हे कोणीच विचारले नाही. ती नेहमी काठच्या चिखलात मिसळून जायची. ती इथे नाही, हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. बगळ्याला त्यांचा राग आला आणि लगेच स्वतःचीच शरम वाटली.

तो म्हाताऱ्या हंसिणीकडे गेला आणि त्याने तिला सगळे सांगितले. काहीही न लपवता सांगितले.

"आजी, तुम्ही एवढ्या लांबून येता," बगळा म्हणाला. "तुमच्यात म्हातारे असतात, दुबळे असतात. ते कसे पोचतात?"

"पुढे उडणारा मागे बघत असतो," हंसीण म्हणाली. "सर्वांत थकलेल्याला जेवढं उडता येईल, तेवढंच आम्ही सगळे उडतो. कोणी दमलो म्हणत नाही, बाळा. ते पंखांवरून ओळखायचं असतं."

बगळ्याने विचारले, "उन्हाळ्यात परत जाताना तुम्ही त्या कड्यावरून जाल?"

"जाऊ."

"तिथे एक कपार आहे. उतराल का जरा?"

हंसिणीने मान हलवली. तिथे जाऊन काय करायचे, हे तिने विचारले नाही आणि बगळ्यालाही ते सांगता आले नसते.

तात्पर्य : केवळ मायेपोटी जो आपल्या सोबत येतो, तो आपले हाल कधी बोलून दाखवत नाही; म्हणून पुढे जाणाऱ्याने वेळीच मागे वळून पाहावे.