राणीने अडवलेला शब्द

फार पूर्वी शीतोदा नदीच्या काठी वेणुपट्टण नावाच्या नगरात महीसेन राजा राज्य करीत होता. त्या जन्मी बोधिसत्त्व त्याच्या दरबारात न्यायाचे काम पाहणारा अमात्य होता. त्याचे नाव अनघ. अमात्यांमध्ये तो सर्वांत लहान होता आणि ही गोष्ट त्याला रोज ऐकवली जाई.

त्या नदीत शफरी नावाची मासोळी असे. बोटाएवढी, चपट्या अंगाची, रुपेरी. उथळ पाण्यात तिचा थवा वळला की ऊनच वळल्यासारखे वाटे. कवी हा शब्द चंचल नजरेसाठी वापरीत. राजा तो पट्टराणी यशोवतीसाठी वापरी, कारण तिचे डोळे तसे होते. एकांतात तो तिला दुसऱ्या कोणत्याच नावाने हाक मारीत नसे.

एके दिवशी बागेतून जाताना यशोवतीने राजाचा आवाज ऐकला. तो नव्या राणीला, चंपेला, हाक मारीत होता. शब्द तोच होता आणि आवाजातला लाडही तोच. राजाने चंपेला दुसरा महाल दिला होता, मोत्यांचा हार दिला होता. ते यशोवतीने सोसले होते. हे मात्र तिला सोसवेना. तिने अन्न सोडले आणि तो शब्द आपल्या एकटीचाच राहावा असा हट्ट धरला.

ओशाळलेल्या राजाने तिचे म्हणणे मान्य केले. नगरात दवंडी पिटली गेली की शफरी हा शब्द यापुढे पट्टराणीचा. जो कोणी तो शब्द दुसऱ्यासाठी वापरील, त्याने कुटुंबासह नदीकाठ सोडावा. वृद्ध अमात्यांनी होकारार्थी माना हलवल्या. वय वाढले की शहाणपण वाढते, असे त्यांना कोणी तरी सांगितले होते आणि त्यांनी ते कधी तपासून पाहिले नव्हते. एकट्या अनघाने हरकत घेतली. मोठा झालास की कळेल, असे सांगून त्याला खाली बसवण्यात आले.

बाजारात मासे विकणाऱ्या बायका टोपली दाखवून गप्प राहू लागल्या. गिऱ्हाईकही हसून गप्प राही. जो शब्द पूर्वी कोणी ध्यानातही घेत नसे, तो आता सगळ्यांच्या ओठांवर येऊन थांबू लागला.

मग एके सकाळी शिपायांनी पाटली नावाच्या कोळिणीला दरबारात आणले. तिने भर घाटावर आपल्या लहान मुलीला त्या शब्दाने हाक मारली होती. राणी पडद्याआड येऊन बसली. महामात्याची जागा लवकरच रिकामी होणार असून निवाडा मनासारखा झाला तर ती अनघाचीच, असा निरोप तिने आधीच पाठवला होता.

"दवंडी ऐकली नव्हतीस?" अनघाने विचारले.

"ऐकली होती. पण पोरगी धारेकडे निघाली होती. तिला दुसऱ्या कुठल्या नावानं वळवू? तिला एकच ठाऊक आहे."

"मग नाव बदल," राणी पडद्यामागून म्हणाली. "नदीत माशांना काय तोटा आहे?"

"तोटा नाही, देवी. पण बाकीच्यांसाठी जाळी आहेत."

अनघाने तिला नीट सांगायला लावले. तेव्हा पाटलीने सांगितले की या मुलीआधी तिला दोन मुले झाली होती. त्यांना चांगली, भारदस्त नावे ठेवली होती. दोन्ही गेली. घाटावर अशी रीत आहे की गेलेल्या मुलाच्या पाठीवर मुलगी झाली तर तिला शफरी म्हणायचे. मृत्यूच्या जाळ्याची वीण मोठी असते. एवढीशी मासोळी त्यातून निसटते.

वृद्ध अमात्य एकमेकांकडे पाहून हसले. अनघ हसला नाही. निरोपातली जागा त्याला आठवली आणि त्याने ती मनातून बाजूला सारली. तो म्हणाला, "शब्द देवींचा, असे आज्ञाच सांगते. मग त्या शब्दाचे कामही देवींचे. ही पोर पाण्याकडे गेली की पाटलीने तोंड मिटून राहावे. हाक देवींनी मारावी."

राणीला तो टोमणा वाटला. "मारते," ती चिडून म्हणाली. "हाक मारायला मला कोणी शिकवायला नको."

त्याच दिवशी उन्हे कलताना ती घाटावर आली. बायका जाळी सांधत बसल्या होत्या. पाटलीची मुलगी गुडघाभर पाण्यात होती. राजा ज्या लाडिक सुरात तो शब्द म्हणे, त्याच सुरात राणीने तो उच्चारला. मुलगी वळली नाही. तिने आणखी एक पाऊल टाकले आणि पाणी तिच्या छातीला लागले. पाटली उठून उभी राहिली होती. तिने दोन्ही हातांनी स्वतःचे तोंड दाबून धरले होते.

तेव्हा राणी ओरडली. तशी हाक तिने आयुष्यात कोणालाही मारली नव्हती.

मुलगी वळली. आणि तिच्याबरोबर सबंध घाटावरून पोरींचे चेहरे वळले. एक होडीतून, एक वाळत घातलेल्या जाळ्याखालून, एक कडेवरचे भावंड सावरत. प्रत्येकीला वाटले, आपल्यालाच बोलावले.

"या सगळ्या?" राणीने विचारले.

"सगळ्या, देवी," पाटली म्हणाली. "प्रत्येकीच्या आधी कोणी तरी गेलेलं आहे."

मुलगी पाण्यातून परत आली, तशी राणी पायऱ्या उतरून तिच्यापाशी गेली. चंपेचा हेवा तिला इतके दिवस जाळत होता. आता तिला त्या ओल्या, काकडणाऱ्या पोरीचा हेवा वाटला, कारण आपल्याला कोणी अशी हाक कधी मारली नव्हती. पण हा हेवा निराळा होता. यात काही हिसकावून घ्यावेसे वाटत नव्हते. तिने आपला शेला त्या पोरीच्या अंगावर टाकला आणि परतताच आज्ञा मागे घेतली.

राजाला हायसे वाटले. तिची समजूत काढायला तो तिला पुन्हा त्या लाडक्या नावाने बोलावू लागला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मला यशोवती म्हणा." महामात्याचे पद माना हलवणाऱ्यांपैकी एकाला मिळाले. अनघ होता तिथेच राहिला.

पुढे बुद्ध झालेल्या त्या बोधिसत्त्वाने, म्हणजेच शास्त्यांनी, ही कथा एका ज्येष्ठ भिक्षूसाठी सांगितली. शास्त्यांनी पूर्वी त्याच्या एका उत्तराला 'साधू, साधू' म्हणून शाबासकी दिली होती. तेच शब्द एका तरुण भिक्षुणीला मिळालेले ऐकून तो रुसून बसला होता. कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळची यशोवती म्हणजे हा ज्येष्ठ भिक्षू. पाटली ही भिक्षुणी होती, आणि तो तरुण अमात्य मीच होतो. दुसऱ्याच्या वाट्याला आलेले प्रेम पाहून ज्याचे मन आपले काही गेले असे न मानता भरून येते, त्याच्या त्या गुणाला मुदिता म्हणतात."