गप्प पडलेल्यांकडे आधी

निर्मळनाथ महाराजांचा मुक्काम त्या वर्षी वाघझरी गावात होता. मठाचे कपडे धुणारी गोजरा परटीण धुणं आटोपलं की महाराजांपाशी बसून जखमांची मलमपट्टी शिकत असे. गावचे इनामदार बळवंतराव चारचौघांत हसत, "परटीण वैद्यकी करणार, मग वैद्याने काय धुणी बडवायची?" गोजरा मान खाली घाली, पण शिकणं सोडत नसे.

भैरोबाच्या जत्रेत शोभेच्या दारूचं कोठार पेटलं. भरल्या मैदानात आगीचा लोळ शिरला आणि माणसं होरपळून पडली. गावचे एकुलते एक वैद्य नेमके परगावी गेलेले. महाराजांनी मठाच्या अंगणात जखमींना आणवलं. अंगण भरलं, तरी माणसं येतच होती.

महाराज म्हणाले, "गोजरा, तेलाचा हा एकच बुधला आहे. जो ओरडतो आहे त्याच्यात अजून जोर आहे. जो गप्प पडला आहे, त्याच्याकडे आधी जा."

एका कोपऱ्यात काजळीने काळीठिक्कर पडलेली मुलगी निपचित होती. गोजराने तिच्या तोंडातली राख काढली, तिला कुशीवर वळवलं. तेवढ्यात हात पोळून किंचाळणाऱ्या मेहुण्याला घेऊन इनामदार आले.

"ती गेल्यात जमा आहे. तेल इकडे आण."

गोजरा उठली नाही. "हिचा श्वास चालू आहे, मालक. पाव्हण्यांना थांबावं लागंल."

"उद्या ह्या गावात राहायचंय ना तुला?"

"उद्या घर पाडा माझं. आज इथं महाराजांचा शब्द चालतो."

इनामदारांनी बुधला हिसकावून उपडा केला. थेंबही पडेना. महाराज शांतपणे म्हणाले, "बळवंतराव, तो तिच्या हाती द्या."

गोजराने बुधला कलता केला आणि काय नवल, तेलाची धार लागली! ती एकेका जखमीकडे जात राहिली, पण तेल सरेना.

एवढ्यात मागे ती मुलगी खोकली. डोळे किलकिले करून म्हणाली, "आबा..."

इनामदार जागीच थिजले. जत्रेला जाऊ नकोस म्हणून घरी ठेवलेली त्यांची मंजुळा होती ती. लेकीला कवटाळून ते रडले आणि मग महाराजांच्या पायांवर कोसळले.

"माझ्या नव्हे, तिच्या," महाराज म्हणाले.

इनामदारांनी भर अंगणात परटिणीपुढे डोकं टेकलं. गोजराने हातातलं काम थांबवलं नाही.

"पाया मागनं पडा, मालक. आधी ह्या म्हाताऱ्याचा पाय धरा, पट्टी बांधायचीय."

इनामदारांनी दोन्ही हातांनी तो पाय धरला.