भांडं विचारल्याशिवाय दळण नाही

मंडळी, परक्या गावात विश्वास कुणावर टाकावा? मागितलं की लगेच पुडी बांधणाऱ्यावर, की आधी प्रश्न विचारून हैराण करणाऱ्यावर? चिखलदऱ्याच्या घाटाखालच्या आमच्या या बाजारात कॉफी मागा, दुकानदार भावाच्या आधी विचारील, "कशात करणार?" पातेल्यात उकळून गाळणार असाल तर जाड भरड. पितळी फिल्टरला त्याहून बारीक, पण चिमटीत कण लागायला हवा. तांब्याच्या चिमुकल्या भांड्यात गाळासकट करणार असाल, तरच पीठ. या रिवाजाचं मूळ हिरासा लाडांच्या लाजेत आहे, असं सांगतात.

हिरासांचं दुकान तेव्हा इथलं एकुलतं एक. बारीक दळलं की रंग लवकर उतरतो, गिऱ्हाईक खूश होतं. म्हणून त्यांनी कॉफीच्या हातचक्कीचं मळसूत्र करकचून आवळलं, ते पुन्हा सैल केलंच नाही. सगळ्यांना सरसकट पीठ.

अशात राजूरकरांकडे तंजावरकडची मराठी मुलगी सून होऊन आली. नाव अंबुजा. माहेरचा पितळी फिल्टर तिनं सोबत आणला होता. सासू भागीरथीबाईंनी मोठ्या कौतुकानं आळीला तिच्या हातची कॉफी प्यायला बोलावलं. हिरासाही गेले. फिल्टरमध्ये पिठाचा चिखल झाला, भोकं बुजली, थेंब पडेना.

"कॉफी प्यायची की भांड्याची नुसती पूजा करायची?" कुणी तरी म्हणालं. हशा पिकला.

अंबुजेनं हळूच विचारलं, "काका, दळण फार बारीक झालंय का हो?"

हिरासांना चूक तत्क्षणी कळली. पण चारचौघांत कबूल कोण करणार? ते म्हणाले, "छे! माझं दळण सारा बाजार नेतो. हाताला वळण नको का?"

भागीरथीबाई भडकल्या. "आळीसमोर माझी शोभा केलीस! उद्या गाडी जुंपते. माहेरी जा, शिकून ये."

सकाळी हिरासांनी चक्कीची मूठ धरली, तर ती हलेचना म्हणे. तेल घातलं, अंगचा जोर लावला, चक्की ढिम्म. तेवढ्यात राजूरकरांची गाडी दुकानासमोरून गेली. अंबुजेनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं त्यांना झालं.

चक्की खांद्यावर टाकून ते धावले. ओढ्यापाशी गाडी अडवली. सुनेला पोचवायला निघालेली आळी, भागीरथीबाईंसकट, भोवती उभी होती. हिरासांची मान वर होईना. "पोरीचा हात चांगला आहे. दळण माझं चुकलं, आणि कळूनही मी खोटं बोललो," ते म्हणाले. मग मळसूत्र सैल केलं, मूठ धरली. चक्की गरकन फिरली, असं सांगतात.

तिथंच तीन दगडांची चूल मांडली, पाणी तापवलं. गाडीतला फिल्टर काढून त्यात ती नवी भरड घातली, आणि कॉफी टपटप उतरू लागली.

भागीरथीबाईंनी सुनेचा हात धरला. "उतर गं बाई. माझंही चुकलं." मग वळून म्हणाल्या, "आणि हिरासा, तुम्ही वास घ्या नुसता!"

सगळे हसले, अंबुजा मात्र हसली नाही. "काका, हे काल बोलला असतात तर?" एवढंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून हिरासा प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी भांडं विचारू लागले.

आजही इथला दुकानदार दळणाची चिमूट आधी तुमच्या तळहातावर ठेवतो आणि म्हणतो, "बिघडली तर दोष माझा." तेव्हा मंडळी, एक विनंती. हिशेब चोख ठेवा. आपली चूक दुसऱ्याच्या नावावर पडली असेल, तर ती आजच आपल्या नावावर घ्या.