कळलं-कळलं मिस्त्रीचं नेट

एका गावात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. नाव हणमंत. हाताला गुण मोठा, पण अंगात धीर म्हणून नाही. गिऱ्हाईक दारातून "मिस्त्री, आमची मोटार जरा..." म्हणेपर्यंत हा "कळलं, कळलं! बेअरिंग गेलं," म्हणून पाना घेऊन मोकळा. दहातल्या नऊ वेळा बेअरिंगच गेलेलं असायचं, तिथंच तर सगळा घोळ झाला. गाव त्याला कळलं-कळलं मिस्त्री म्हणायचं आणि त्या भल्या माणसाला ते कौतुक वाटायचं.

त्याची एकुलती एक लेक स्वरूपा नाशिकला नर्स होती. तिचं लग्न मिस्त्रीनंच जमवलं होतं, शुक्रवारी साखरपुडा होता. रविवारी सकाळी तिचा निरोप आला, "आप्पा, लॅपटॉपवर या. फोनवर सांगण्यासारखं नाही. तुमचं तोंड दिसायला हवं मला." घरात तिचाच कॉलेजातला जुना लॅपटॉप होता. मिस्त्री त्याच्यासमोर बसला. शेजारी त्याची बायको इंदुमती मेथी निवडत बसली.

आधी पाच मिनिटं मिस्त्रीच बोलला. मांडव, आचारी, पाहुणे. मग स्वरूपा म्हणाली, "आप्पा, त्या मुलाबद्दल मला..."

"कळलं, कळलं! अंगठीचं माप ना?"

आणि चित्र गोठलं. नेट गेलं.

झालं! मिस्त्री उठला. राउटर फ्रीजवरून काढून खिडकीत टांगला. वायर बदलली. शेजारच्या शकूवहिनी फुकट नेट वापरत असणार, असं त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणून पासवर्डही बदलला. लॅपटॉप उचलून ओसरीवर नेला, नवा पासवर्ड घातला आणि नेट आलं! नेमकं कशानं आलं ते देवाला ठाऊक. "वायरच होती," मिस्त्री म्हणाला. तोवर स्वरूपाची ड्यूटीची वेळ झाली होती, आणि शकूवहिनींनी अबोला धरला होता.

सोमवारी त्यानं परीक्षा म्हणून लॅपटॉपवर कुस्त्या लावून ठेवल्या. तीन तासांत एकदाही अडकलं नाही. संध्याकाळी स्वरूपा कॉलवर आली, "आप्पा, आधी माझं ऐका, तो..." म्हणाली, की गेलं! मंगळवारी नेटवाला आला, चहा प्याला, "रेंज फुल्ल आहे, मिस्त्री," म्हणून गेला. त्याची पाठ वळते न वळते तोच स्वरूपानं कॉल केला, तोंड उघडलं, आणि पुन्हा तेच. मिस्त्रीनं नेटवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुकान बंद, जेवण ताटात, आणि हा घरभर येरझाऱ्या घालतोय. इंदुमती तीनदा काही सांगायला आली. तिन्ही वेळा तो म्हणाला, "कळलं, कळलं!"

बुधवारी सकाळी मोबाइलवर स्वरूपाचा मेसेज आला. "आप्पा, मी मुद्द्यावर आले की तुम्ही बंद करता. समजलं मला. आता काही सांगणार नाही. शुक्रवारी येईन आणि म्हणाल तिथं उभी राहीन."

मिस्त्रीनं मोबाइल इंदुमतीपुढं धरला. "मी बंद करतो? अगं इंदू, मी?" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हो, तुम्हीच," इंदुमती म्हणाली. "तुम्ही बोलता तेव्हा नेट कधी जात नाही. ती बोलायला लागली की तुम्हाला मध्येच बोलायचं असतं. मग तुम्ही लॅपटॉप असा पुढं ओढता," तिनं ओढून दाखवला. "आता माझा अंगठा बघा कुठं आलाय."

लॅपटॉपच्या पुढच्या कडेला वाटाण्याएवढी एक सरकती कळ होती. वायफाय बंद-चालू करायची. सोडली की आपली जागेवर जाणारी, म्हणून कुणाच्या ध्यानात न येणारी. इंदुमतीनं ती सरकवली. बाजूचा निळा दिवा तांबडा झाला. पुन्हा सरकवली, निळा. लॅपटॉप उचलताना मिस्त्रीचा अंगठा पुन्हा तिथंच लागायचा, नेट परत यायचं आणि नाव वायरचं व्हायचं.

"अगं, मग आधी का नाही सांगितलंस?"

"तीनदा आले होते सांगायला."

मिस्त्रीनं मान खाली घातली. मग ताडकन उठला, चिकटपट्टी आणली आणि कळीवर लावू लागला.

"कळीला पट्टी लावाल," इंदुमती म्हणाली, "तोंडाला काय लावणार?"

मिस्त्रीनं दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि इंदुमतीला कॉल लावायला सांगितलं. स्वरूपानं खूप वेळानं उचलला. तिचे डोळे सुजलेले होते.

"आप्पा, तो मुलगा..." ती म्हणाली आणि थांबली. चित्र गोठायची वाट बघत होती बिचारी. मिस्त्रीच्या ओठांवर 'कळलं' आलं होतं. त्यानं ते गिळलं.

"तो गेल्या आठवड्यात नाशिकला आला होता. मला ड्यूटीवरून यायला उशीर झाला, तर भर रस्त्यात त्यानं माझ्या थोबाडीत मारली. मला हे लग्न नाही करायचं."

मिस्त्री नुसता बघत राहिला.

"आप्पा? गेलं का नेट?"

"नाही गं बाळा. नेट आहे. मी ऐकतोय. सगळं सांग."

ती अर्धा तास बोलली. नेट एकदाही गेलं नाही. त्यानंतर मिस्त्रीनं मुलाकडच्यांना फोन लावला आणि साखरपुडा मोडला. मग कागदावर नवा पासवर्ड लिहून शकूवहिनींच्या दारात जाऊन उभा राहिला. हल्ली गिऱ्हाईक मोटार घेऊन आलं, की तो आधी हात मांडीखाली घालतो आणि म्हणतो, "सांगा, काय होतंय?"

तात्पर्य: समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्या, आपणच मध्ये तोडलेल्या बोलण्याचं खापर यंत्रावर आणि शेजाऱ्यावर फोडू नका.